घणाचा दांडा

शुक्रवार, १७ सप्टेंबर २०२१

नाही म्हणजे नाही! लाकडाचीच काठी घेऊन खेळणार. कोणाला काय करायचं ते करू दे.

आज सकाळी प्रॅक्टिस संपल्यावर बिलकिसने सगळ्यांना मैदानातच खाली बसवलं. ती आमची कॅप्टन, हैदराबादची, पेशाने दातांची डॉक्टर. त्यामुळे आधी गोड बोलते आणि मग उपटते. बातमी चांगली होती. एकोणीस नोव्हेंबरला दोह्यातल्या नव्या स्टेडियमच्या आवारात कम्युनिटी क्लबांचे सामने ठेवलेत. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला एक वर्ष राहिलं, तेव्हा गेटं, पार्किंग, संडास सगळं खरी माणसं आत सोडून तपासायचंय, आणि ती माणसं म्हणजे आम्ही. लॅक्रॉसला, म्हणजे आमच्या जाळीवाल्या काठीच्या खेळाला, अर्धा तास मिळालाय. बारा जणी जाणार. आम्ही आहोत सतरा.

मग उपटलं. सगळ्यांच्या काठ्यांची दांडी मेटलची हवी. लाकूड तुटतं, फोटोत वेगळं दिसतं, कोणाच्या डोळ्यात कपची गेली तर जबाबदार कोण? हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. गरजच नव्हती. लाकडाची दांडी अख्ख्या क्लबात एकच आहे.

मी म्हटलं, नियमात लाकूड चालतं. हा खेळ शेकडो वर्षं लोक लाकडानेच खेळले, अ‍ॅल्युमिनियम परवाचं. तर म्हणते, "विभा आपा, रूल में तो बहुत कुछ चलता।" सगळ्या हसल्या. नमितासुद्धा — जी माझ्याच गाडीतून येते आणि माझ्याच गाडीतून जाते!

येताना तिच्याशी एक शब्द बोलले नाही. अल दुहैल ते अल सद्द, रस्ता खणलेला, दोन डायव्हर्जन, आणि गाडीत चिडीचूप.

शनिवार, १८ सप्टेंबर

आज पन्नास पूर्ण झाली.

सकाळी श्यामने कागदात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी हातात ठेवलं. मला वाटलं छत्री. दोह्यात छत्री कशाला, असं मनात येईपर्यंत कागद फाटला होता. आत अ‍ॅल्युमिनियमची दांडी! माझ्या काठीच्या मापाची, त्याच्या प्लांटात खास बनवून घेतलेली, वर माझं नाव कोरलेलं. काठीचं टोक — बॉल झेलायची जाळी असते ते — काढायचं आणि हिला बसवायचं, की झालं.

चोवीस वर्षं अ‍ॅल्युमिनियममध्ये काढलेला माझा नवरा. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. पण माझं टाळकं सरकलं ते वेगळ्या कारणाने. नाव कोरायला आठवडा लागतो. म्हणजे बिलकिसच्या कितीतरी आधी ह्याने माझ्या काठीचा निकाल लावून ठेवला होता.

मी म्हटलं, माझ्याकडे काठी आहे.

"ती काठी नाही विभा, घणाचा दांडा आहे. मोडेल एक दिवस."

आहेच मुळी घणाचा दांडा! लपवलंय कोणी? ऑगस्टमध्ये संपतराव स्वयंपाकघराचं दार बसवायला आले होते. सांगोल्याकडचे सुतार, उम्म सलाल मोहम्मदला एका जॉइनरीत आहेत. भिंतीला टेकवलेली माझी जुनी मेटलची काठी त्यांनी उचलली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, हिला लाकडाचा दांडा न्हाई का होत? पुढच्या शुक्रवारी घेऊनच आले. साईटवर मोठ्या घणांना अमेरिकेतून आलेले हिकरीच्या लाकडाचे दांडे असतात. एका घणाचं डोकं निकामी झालं, दांडा पडून होता. तो त्यांनी रंधून, घासून, तेल पाजून माझ्या मुठीएवढा केला. म्हणाले, गावाकडं धामण घेतली असती, कुऱ्हाडीला घालत्यात ती. हे बी त्याच जातीचं बगा ताई, वाकतंय पण ऐकतंय.

त्या दांडीवर पहिला बॉल झेलला आणि मनगटाला काही कळलंच नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा! २०१९ मध्ये ह्याच मैदानावर पडले तेव्हापासून उजव्या मनगटात टायटॅनियमची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. मेटलच्या दांडीवर बॉल आदळला की कोपरापर्यंत मुंग्या येतात. श्यामला हे माहीत नाही? प्लास्टर होतं ते सहा आठवडे माझी वेणी तोच घालत होता. वाईट घालायचा, पण घालायचा. आणि तोच आता मला मेटल आणून देतो.

केक कापला. नुपूरने फोटो काढले. फोटोत मी हसते आहे, पण श्यामशी बोलत नाहीये. ठरवलंय.

मंगळवार, २१ सप्टेंबर

अबोल्याचा चौथा दिवस. जेवताना नुपूरला म्हटलं, बाबाला विचार दही हवं का. ही सतरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. बाबाला विचारलं. बाबा म्हणाला, आईला सांग, नको. मग चमचा खाली ठेवून म्हणते, "आय अ‍ॅम नॉट युअर व्हॉट्सअ‍ॅप!"

बरोबर आहे तिचं. पण माघार मी घेणार नाही.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

आज देवाने माझ्या बाजूने साक्ष दिली.

पाण्यासाठी थांबलो तेव्हा नमिताने तिची काठी उन्हात, गाडीच्या बॉनेटवर ठेवली. दहाच मिनिटं. सकाळचे साडेआठ, पण दोह्याचे साडेआठ. परत उचलली आणि किंचाळून खाली टाकली! तळहात लाल. मग बर्फाची पिशवी, मग दांडीला ओला टॉवेल. माझी काठी तिच्या शेजारीच होती. मी सगळ्यांसमोर उचलली, गालाला लावली, आणि बिलकिसकडे बघून हसले.

बिलकिसने मान फिरवली. नमिता येताना गाडीत म्हणाली, तुझं पटतं गं मला, पण बिलकिससमोर बोलवत नाही. मी म्हटलं, मग माझ्यासमोर तरी कशाला बोलतेस? सोडलं तिला तिच्या दारात. पुढच्या शुक्रवारी घ्यायला जाणारच आहे म्हणा.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

चीर.

मुठीच्या वर, चार बोटं लांब, केसाएवढी. बॉल उचलायला वाकले तेव्हा बोटाला लागली. दुर्दैव असं की समोर बिलकिसच होती. तिने दांडी हातात घेतली, उजेडात धरली आणि एवढंच म्हणाली, "खलास, आपा।" वाईट म्हणजे ती खूश नव्हती. खूश असती तर भांडता आलं असतं.

घरी आले, काठी सोफ्यावर टाकली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर श्याम काठी घेऊन बसलेला. चिरेवरून नख फिरवत होता. वाटलं आता म्हणेल, बघ, सांगितलं होतं. नाही म्हणाला. मान वर करून बघितलं — माझ्याकडे नाही, माझ्या मनगटाकडे. काठी जागेवर ठेवली आणि चहा टाकायला गेला. दोन कप टाकला. मी प्यायले नाही.

मग वाईट वाटलं. चहाचं.

रविवार, ३ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर तशीच उम्म सलालला गेले. सातवीचे गणिताचे पेपर मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर काठी.

भाजीच्या दुकानांमागे ती जॉइनरी आहे. आत नुसती दारं! कुठल्याशा नव्या हॉटेलची, चारशे खोल्यांची चारशे दारं, एकसारखी, भिंतीला टेकवून रांगेत उभी. संपतराव भुशाने पांढरे झालेले. चीर बघितली आणि आधी स्वतःचा कान पकडला. चूक माझी, म्हणाले. तुमच्या घरात रातंदिस एसी, भाईर असलं ऊन, लाकूड हिकडं आकसतंय तिकडं फुगतंय. अख्खा दांडा द्यायलाच नको होता. आता दुसरा दांडा घेऊन उभा चिरायचा, एक फाक उलटी फिरवायची आणि दोन्ही चिकटवायच्या. एक वाकायला गेली की दुसरी तिला धरते. असं केलं की कुठं जात न्हाई.

मी विचारलं, नक्की? बारा नोव्हेंबरला वेस्ट बेच्या संघाशी मॅच आहे, तोवर टिकली तर पुढचं बोलता येईल.

त्यांनी विचारलं, "सायबांस्नी ठाऊक हाय का, ताई?"

मी म्हटलं, काठी साहेबांची नाही, माझी आहे. ते हसले. तेराला, बुधवारी न्या म्हणाले. चौदाला खंडेनवमी, त्या दिवशी ते हत्याराला हात लावत नाहीत. मीही नाही लावत! दोघांचं एकदम जमलं.

बुधवार, ६ ऑक्टोबर

श्याम स्वतःहून बोलला. अठरा दिवसांनी! म्हणे पुढच्या बुधवारी तुझी ती काठी मी आणतो, तुला शाळेतून लांब पडतं.

त्याचा प्लांट दक्षिणेला, उम्म सलाल उत्तरेला. त्याच्या रस्त्यात ते कुठल्याही बाजूने येत नाही. तह करायचा असेल. मी नुसतं "बरं" म्हटलं. "बरं" म्हणजे बोलणं नाही.

संपतरावांचा पत्ता नुपूरकरवी पाठवला.

बुधवार, १३ ऑक्टोबर

आली! काय सुंदर झालीये. जोड कुठे आहे ते चष्मा लावूनही दिसत नाही. तेलाचा वास येतोय, आणि मुठीच्या जागी त्यांनी सुतळी गुंडाळून दिलीये, घट्ट, एकेक वेढा मोजून मारल्यासारखा.

फक्त किंचित जड वाटली. मी गणिताची बाई, मला वाटण्यावर भागत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. पहिली दांडी तीनशे चाळीस ग्रॅम होती, लिहून ठेवलंय. ही तीनशे ऐंशी. संपतरावांना फोन केला. ते आधी खोकले, मग म्हणाले, फेविकॉल हाय ताई, मुरला की हलकं व्हईल. चाळीस ग्रॅम फेविकॉल? असेल बाबा. सुतारकाम मला कळत नाही आणि श्यामला विचारायची सोय नाही.

श्याम दारात उभा होता. म्हणाला, कशी आहे? मी म्हटलं, लाकडाची आहे.

गुरुवार, १४ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईने अवलक्षण केलं.

सकाळी पूजा मांडली. विळी, कात्री, गाडीची किल्ली, नुपूरचा लॅपटॉप आणि कंपास, श्यामचा व्हर्निअर कॅलिपर. मधोमध माझी काठी. मी फुलं आणायला वळले तेवढ्यात श्यामने गुपचूप आपली ती अ‍ॅल्युमिनियमची दांडी आणून तिच्या शेजारी ठेवली. वर माझं नाव कोरलेली. काढणार होते. मग म्हटलं राहू दे, तिचा काय दोष? तिलाही हळदकुंकू लावलं. दोघी शेजारी शेजारी, झेंडूखाली.

दुपारी बाराला बिलकिसचा मेसेज. निवड उद्याऐवजी आज संध्याकाळी पाचला.

आता काय करायचं? पूजेतलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही. नाशिकला आमच्या वडिलांचा सायकलदुरुस्तीचा पानासुद्धा खंडेनवमीला हलायचा नाही. एकदा माझ्या सायकलची चेन पडली तर मी शाळेत चालत गेले होते, तीन किलोमीटर, आणि वडिलांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. नुपूर म्हणाली, "आई, जस्ट टेक इट, गॉड वोन्ट माइंड." तिच्या देवाला चालत असेल.

गेले रिकाम्या हाताने.

बिलकिसने विचारलं, आपा, स्टिक? मी म्हटलं, पूजेत आहे. नमिताने तिला हिंदीत सगळं समजावलं, हत्यारांचा सण असतो वगैरे. ते ऐकून बिलकिस हसली नाही, हे तिच्या बाजूने लिहून ठेवते. आपल्या किटमधली जादा काठी काढून दिली. मेटलची. तिची पूजा झालेली नव्हती, तेव्हा तिला हात लावायला हरकत नव्हती.

वीस बॉल झेलायचे होते. अकरा पडले. पाचव्यापासून मनगटात मुंग्या, दहाव्याला हाताची मूठ वळेना. पन्नाशीची बाई, समोर पंचवीस-तीसच्या पोरी, आणि बॉल एकेक करून पायाशी पडतोय. मी खाली बघून उचलत राहिले. रडले नाही. तेवढंच.

यादी वाचली. बारा नावं झाली, मग तेरावं माझं. राखीव.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, ही परीक्षा माझी नव्हती, ह्या काठीची होती, आणि ती नापास झाली. मला माझ्या काठीने खेळू दे. बिलकिसने दाताच्या डॉक्टरसारखं माझं मनगट दाबून बघितलं. मग म्हणाली, ठीक आहे. बारा नोव्हेंबरला वेस्ट बेविरुद्ध तुमच्या काठीने खेळा. पूर्ण सामना. चीर नाही गेली, मोडली नाही, तर स्टेडियमला तुम्ही याल. मोडली तर पुन्हा लाकडाचं नाव नाही, आणि मेटलने जमत नसेल तर खेळणंही बंद, कारण मनगट परत गेलं तर ते तिला बघवणार नाही.

खेळणंही बंद, असं म्हणाली. मी म्हटलं, मंजूर.

घरी कोणाला सांगणार नव्हते. पण नमिताने श्यामला फोन करून सगळं सांगितलं. बरी मैत्रीण!

शुक्रवार, १५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी आरती करून काठी उचलली आणि थेट मैदानावर. सत्तेचाळीस बॉल ओळीने झेलले. मनगट गप्प.

आवाज मात्र थोडा वेगळा येतो. पहिली टक् वाजायची, ही जरा गातेच. नवीन लाकूड असेल.

बुधवार, २० ऑक्टोबर

काटा अजून तीनशे ऐंशीच दाखवतो. फेविकॉल मुरायला तयार नाही. माझ्यासारखंच आहे.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर, पाडवा

श्यामला ओवाळलं. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं आणि तोंडाने बोलायचं नाही, हे आज करून बघितलं. फार अवघड असतं. निरांजन फिरवताना त्याच्याकडे बघावंच लागतं, आणि कानांवरचे केस किती पांढरे झालेत ते दिसतं.

ताटात ओवाळणी म्हणून त्याने एक पिशवी ठेवली. त्यात हँड क्रीम आणि मनगटाचा पट्टा, खेळताना बांधायचा. अ‍ॅल्युमिनियमचं काही नव्हतं.

अठ्ठेचाळीस दिवस झाले होते. मलाही कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर. विचारलं, "तुला काय वाटतं, मोडेल का?"

"नाही मोडणार."

"सप्टेंबरमध्ये तर म्हणालास मोडेल."

"तेव्हा म्हणालो. आता म्हणतो नाही मोडणार."

एवढी खात्री! चोवीस वर्षं लाकडाला नावं ठेवणारा माणूस! मी जिंकले की काय? नुपूर टाळ्या वाजवून म्हणाली, "फायनली!" आणि फोन घेऊन खोलीत गेली, सुटल्यासारखी. मग आम्ही दोघांनी बाल्कनीत बसून चकल्या खाल्ल्या आणि खालच्या रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारी माणसं बघत राहिलो. तीन महिन्यांत तोच रस्ता तिसऱ्यांदा रंगवतायत.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

हरलो. नऊ-सहा. आणि मी जिंकले!!

नीट लिहिते. वेस्ट बेच्या संघात एक सहाफुटी पोरगी आहे, खांदे दारासारखे. दुसऱ्या अर्ध्यात मी बॉल घेऊन डावीकडून निघाले आणि ती आडवी आली. बॉल पाडायला तिने काठी घातली, जोरात, आणि मी माझी काढली नाही. काढायला हवी होती. श्याम कडेला उभा होता, तो "विभा!" असं ओरडला. पहिल्यांदाच ओरडला असेल आयुष्यात.

ठण्ण! एवढा आवाज झाला की अंपायरने शिट्टी मारली. मी डोळे मिटले होते. मनात आलं, खलास, संपलं खेळणं. उघडले तर बॉल माझ्या जाळीत आणि काठी माझ्या हातात. आणि त्या पोरीची दांडी वाकलेली! मेटलची! मध्ये चेपून बोटासारखी वाकली. ती दांडीकडे बघते, मी तिच्याकडे बघते. शिट्टीनंतर बॉल मलाच मिळाला, मी नमिताला दिला, नमिताने गोल केला.

माझ्या दांडीवर एक ओरखडा. नखाएवढा. चीर नाही, काही नाही. बिलकिसने चष्मा लावून टोकापासून टोकापर्यंत बघितली, वाकवून बघितली, कानाशी धरून वाजवली. मग म्हणाली, आपा, तुमच्या त्या सुतारभाईला सांगा, एक माझ्यासाठी पण.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं: निव्वळ लाकूड आहे हे. पानं, फांद्या, खोड. एक कण मेटल नाही ह्यात. आता बोला कोणाला बोलायचंय ते.

येताना श्यामलाही सुनावलं. तुझं अ‍ॅल्युमिनियम वाकलं, माझा घणाचा दांडा उभा आहे. तो गाडी चालवत होता, समोर बघत म्हणाला, "हो. कबूल." त्याने गरज नसताना गिअर बदलला आणि हात तिथेच ठेवला. घाबरला होता बिचारा. मी त्यावर माझा हात ठेवला, उजवा.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

बिलकिसच्या काठीसाठी संपतरावांना चार फोन केले. उचलत नाहीत. पाचव्याला उचलला तर म्हणतात, तसला दांडा परत गावंना, बगू, ताई. एवढे घण आहेत कतारमध्ये, एक दांडा मिळत नाही?

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

स्टेडियमचं गेट. फोनवर कोविडचं एहतेराज अ‍ॅप हिरवं दाखवलं, मास्क वर केला, काठी हातात घेऊन मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून गेले. वाजलं.

मी अभिमानाने पर्समधून हॉस्पिटलचं कार्ड काढलं. दोन वर्षं बाळगतेय, दाखवायची वेळ आली नव्हती. मनगटात पट्टी आहे म्हटलं. गार्ड भला होता, म्हणाला, मॅडम, काठी इथे ठेवून परत या. परत गेले. चौकट गप्प. मग त्याने हातातलं यंत्र काठीवर धरलं. मी म्हटलं, जाळीजवळ एक स्क्रू आहे, तो असेल. त्याने जाळीपासून मुठीपर्यंत सावकाश फिरवलं. ते मध्ये एकदाही थांबलं नाही. टोकापासून टोकापर्यंत वाजत राहिलं.

माझ्यामागे बिलकिस, नमिता, बाकीच्या सगळ्या जणी. त्यांच्यामागे श्याम, पाण्याच्या बाटल्या घेऊन, स्टेडियमचं छत इतकं निरखून बघत होता की जणू त्यानेच बांधलंय.

चाळीस ग्रॅम. उलट्या दिशेचा रस्ता. "नाही मोडणार."

"आत काय आहे, मॅडम?" गार्डने विचारलं.

"माझा नवरा," मी म्हटलं, आणि काठी उचलून आत गेले. भांडण घरी.